मी भात सोडला ते वर्ष

रविवारी दुपारी जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली, की माझ्या सासूबाई पदर नीट करायच्या आणि म्हणायच्या, "मी पुराणाला जाऊन येते गं. दिवेलागणीशिवाय काही यायची नाही."

डोंबिवलीतलं आमचं बिऱ्हाड दीड खोल्यांचं. पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकाची अर्धी. सासूबाईंना पुराणाची गोडी किती होती ते देव जाणे. बुवांनी आज काय सांगितलं असं विचारलं तर त्यांना कधी आठवायचं नाही. त्या जायच्या ते आम्हा दोघांसाठी. न बोलता करून दिलेली ती सोय होती, आणि मारुतीच्या देवळात त्या वेळी चाळीतल्या अशा बऱ्याच सासवा बसलेल्या असायच्या. त्या गेल्या की हे उठायचे आणि दाराला आतून कडी लावायचे.

लग्नानंतर सुरुवातीला त्या कडीचा आवाज आला की मला हसू यायचं, लाज वाटायची आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. मग एक वर्ष असं आलं की तोच आवाज येऊ नये म्हणून मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. मी लिहिते आहे ते त्या वर्षाबद्दल. असलं बायकांनी लिहायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. बोलायचंही नसतं. न बोलल्याने काय होतं ते मी भोगलं आहे, म्हणून लिहिते. ज्यांना लाज वाटेल त्यांनी इथेच मिटून ठेवावं, मला राग नाही.

नवस

माझं माहेर कल्याणचं. आई मी लहान असतानाच गेली. भाऊ-वहिनींनी मला सातवीपर्यंत शिकवलं आणि ठाण्याच्या कचेरीत कारकून असलेल्या मुलाला दिलं. माणूस चांगला निघाला. सासूबाईही चांगल्या. कमी होतं ते एकच. मूल नव्हतं.

चाळीत हे लपवता येत नाही. महिन्यातले ते चार दिवस मी बाजूला बसायची. मागच्या दाराशी घोंगडी, वेगळा तांब्या, वेगळी थाळी. मी विहिरीवर दिसले नाही की सगळ्या जणींना कळायचं की याही महिन्यात काही नाही. सासूबाई एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. फक्त थाळी लांबून सरकवताना एक सुस्कारा टाकायच्या. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भीती कशाची होती ते सांगते. दुसरी बायको करायला आता कायद्याने बंदी होती, पण आहे ती माहेरी धाडायला कुठल्या कायद्याची आडकाठी होती? आमच्याच चाळीतली एक जण हवापालटाला म्हणून गेली ती परत आलीच नाही. तिची मशेरीची डबी कितीतरी दिवस खिडकीत तशीच पडून होती. ती डबी दिसली की मी नजर फिरवायची.

त्या वर्षी नवरात्रात मी कल्याणला गेले होते. वहिनीबरोबर दुर्गाडीच्या देवीला गेले. गर्दीत हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "मूल मांडीवर येईपर्यंत भात खाणार नाही."

वहिनीने माझा दंड धरला. "अगं, काय बोललीस हे? वांगं सोडावं, साखर सोडावी. भात कुणी सोडतं का?"

पण बोलले ते बोलले. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. बाकी सगळं त्याच्या कडेचं. भात सोडणं म्हणजे जेवण सोडण्यातलाच प्रकार, आणि म्हणूनच ते देवीपर्यंत पोचेल असं मला वाटलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंचे डोळे भरून आले. रेशनचा तांदूळ तेव्हा कुणालाच पुरत नव्हता. माझ्या वाटणीचा राहिला तो ह्यांच्या ताटात जाऊ लागला. त्याचंही त्यांना आत कुठेतरी बरं वाटलं असेल. मी दोष देत नाही, मलाही बरंच वाटायचं.

मग त्याला जोड मिळत गेली. गुरुवार आणि चतुर्थी माझी आधीपासून होतीच. कार्तिकात सोळा सोमवार धरले. उपासाला साबुदाणा त्या दिवसांत मिळणं मुश्कील, आणि उपास म्हणायचं आणि पोटभर खायचं ही मला लबाडी वाटायची. चहा, एखादं केळं, थोडे शेंगदाणे. उपास नसेल त्या दिवशी अर्धी भाकरी आणि ताक. पहिल्यांदा भुकेने जीव कासावीस व्हायचा. पुढे भूकच मेली. भाताला ऊत आल्याचा वास आला तरी माझ्या तोंडाला पाणी सुटेना. मला वाटलं, देवी प्रसन्न होते आहे.

शेजारच्या गोदूताई हनुवटी धरून म्हणाल्या, "अगो, चेहऱ्यावर तेज काय चढलंय तुझ्या! तपश्चर्येचं तेज हो हे."

गालाची हाडं वर आली होती, त्याला तेज म्हणत होतो आम्ही सगळ्या.

लाकूड

थंडी वाजायची. दुपारी उन्हात बसून पापड वाळवताना इतर जणी पदराने वारा घ्यायच्या आणि मी शाल ओढून बसायची. वेणी घालताना हातात केसांचा पुंजका यायचा. हातांवर बारीक लव आली, ती मी बांगड्यांखाली लपवायची.

हे सगळं चालून गेलं असतं. ज्याने मी घाबरले ते वेगळंच होतं. रविवारी सासूबाई पुराणाला जायच्या, हे कडी लावायचे, जवळ यायचे, आणि मला काही म्हणजे काही वाटायचं नाही. रागही नाही, किळसही नाही. माझ्या हाताला कुणी हात लावला आहे एवढं कळायचं. माणसाला नकोसं वाटलं तर निदान ते कळतं तरी. मला नको वाटत नव्हतं आणि हवंही वाटत नव्हतं. आतून सगळं सुकून गेलं होतं. दुखायचं, आणि मी ओठ मिटून छपराची कौलं बघत राहायची.

ज्या माणसाच्या पायांची चाहूल लागली की मी पूर्वी आरशात डोकावून यायची, त्याच माणसाबाबत आता हे असं. मी स्वतःला चिमटे काढून पाहिले. देवापुढे बसून मागणं मागितलं, की मला ह्यांची ओढ वाटू दे. बाईने हे देवाकडे मागावं का, याचीही भीती वाटली. आणि हे सांगायचं कुणाला? सासूबाईंना? गोदूताईंना? त्या म्हणाल्या असत्या, चांगलंच आहे की, बायकांना कुठे काय वाटायचं असतं.

एकदा ह्यांनी विचारलं, "माझं काही चुकतंय का? तुला मी आवडेनासा झालो का?"

मी म्हटलं, "नाही हो."

"मग?"

मी चादरीची घडी घालू लागले. हे खुंटीवरचा कोट घालून बाहेर गेले. पुढे कचेरी सुटल्यावर ह्यांना घरी यायला उशीर होऊ लागला. मित्राकडे बुद्धिबळ खेळतो म्हणायचे. खरंच खेळत होते, पण मला तेव्हा ते खरं वाटलं नाही. मला खिडकीतली ती मशेरीची डबी दिसायची.

चोरओटी

माघात माझे चार दिवस पुढे गेले. फाल्गुनात आलेच नाहीत.

मी बाजूला बसले नाही हे चाळीला माझ्याइतकंच लवकर कळलं. विहिरीवर माझ्या हातातला पोहरा काढून घेतला जाऊ लागला. सासूबाईंच्या चालण्यात फरक पडला. त्या गुणगुणत धुणं वाळत घालू लागल्या. नवसाला देवी पावली, यात कुणालाच शंका नव्हती. मला वांत्या नव्हत्या, डोहाळे नव्हते, पण गोदूताई म्हणाल्या, "व्रतस्थ बाईला त्रास होत नाही गो."

चैत्रात सासूबाईंनी चोरओटी भरली. पहिल्या महिन्यांत फारशी वाच्यता न करता भरतात ती ओटी. दारं लोटून घेतली, गोदूताई आणि दोघी-तिघी. हिरवा खण, नारळ आणि तांदूळ. तांदूळ ओटीत पडताना मी मुठी आवळून बसले होते, कारण ते मला खाता येणार नव्हते आणि खावेसेही वाटत नव्हते. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "नवस मांडीवर मूल येईपर्यंतचा आहे ना? मग तोवर सांभाळ हो. आता मोडू नकोस."

मी सांभाळला.

त्या काळात हे रविवारी कडी लावेनासे झाले. पोटुशी बायको म्हणून. मला सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडूही आलं.

वैशाख गेला. पोट काही वर येईना. उलट परकराची नाडी मी दर थोड्या दिवसांनी घट्ट करत होते. ज्येष्ठात सासूबाईंनी कल्याणहून एक जुनी सुईण आणली. तिने पोट चाचपलं, डोळे मिटले, पुन्हा चाचपलं आणि सासूबाईंना बाहेर नेलं. दार लोटलेलं होतं, तरी मला ऐकू आलं. "गर्भ वाळलाय. आतच सुकलाय."

त्या दिवसानंतरची भीती मला आजही शब्दांत नीट सांगता येत नाही. माझ्या पोटात एक वाळलेलं मूल आहे. मी चालते तेव्हा तेही चालतं. कुशीवर वळताना मी हळूच वळायची, ते मोडेल म्हणून. घरात कुणी माझ्याकडे बघेना. सासूबाई देवापुढे बसून असायच्या आणि हे तर घरात आले तरी बोलायचे नाहीत. आणि मी काय केलं? माझं काहीतरी व्रतात चुकलं असणार म्हणून आषाढात चातुर्मास लागताच एकभुक्त धरलं. दिवसातून एकदाच, तीच अर्धी भाकरी. आज हे लिहितानाही मला माझ्या डोक्यात चार टपल्या माराव्याशा वाटतात. पण तेव्हा माझ्याजवळ देवाला द्यायला अन्नाखेरीज दुसरं होतं काय?

एका सकाळी विहिरीच्या काठावर मला घेरी आली. घागर आत गेली. मला बायकांनी लुगड्याला धरून ओढलं म्हणून मी बाहेर राहिले.

पडद्यामागे

ठाण्याच्या इस्पितळात मला कसं आणलं ते आठवत नाही. हिरव्या कापडाच्या पडद्यामागे एक डॉक्टरीणबाई मला तपासत होत्या, तिथपासूनचं आठवतं. वयाने चाळिशीच्या, जाड चष्मा, आवाज मास्तरणीसारखा.

"काल काय जेवलीस?"

"काल एकादशी होती."

"परवा?"

"एकभुक्त. अर्धी भाकरी."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"श्रावणी सोमवार होता."

"आणि आज?"

"गुरुवार."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बराच वेळ पोट तपासलं. मी डोळे मिटून घेतले होते. मला फक्त एवढंच ऐकायचं नव्हतं, की ते आता कापून काढावं लागेल.

"बाळ नाही," त्या म्हणाल्या.

"वाळलंय ना?"

"वाळायला आधी असावं लागतं. नव्हतंच. कधीच नव्हतं."

मला वाटलं होतं, असं ऐकलं तर मी सुटेन. पण मी हंबरडाच फोडला. जे कधी नव्हतंच त्याला मी इतके दिवस जपून कुशीवर वळत होते. त्याच्यासाठी मला रडावं लागलं, आणि त्या बाईंनी मला रडू दिलं.

मग त्यांनी समजावलं. घरात दाणा नसला की आपण पाहुण्याला आवतण देतो का? शरीरही देत नाही. ते आधी स्वतःचा जीव जगवतं आणि बाकीची दारं लावून घेतं. दुष्काळात कितीतरी बायकांची पाळी अशीच जाते. "तू घरातल्या घरात दुष्काळ पाडलास," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "नवऱ्याजवळ जावंसं वाटतं?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली, नाही.

"पूर्वी वाटायचं?"

मी मान हलवली, हो. अशा बाबतीत हो म्हणायलाही केवढा धीर लागतो ते बायकांना कळेल.

"तेही त्यातच आलं. तू वाईट नाहीस आणि तो वेगळा आजारही नाही. जेवायला लागलीस की परत येईल. वेळ लागेल, घाई करायची नाही."

"नक्की येईल?"

"येईल बहुतेक," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. तो 'बहुतेक' मी कितीतरी दिवस चघळत पडले होते.

पेज

इस्पितळातला दिवस पहाटे थर्मामीटरने सुरू व्हायचा. मग झाडूवाली, मग दूध, मग डॉक्टरांची फेरी. आठवड्याने वजनकाट्यावर उभं राहायचं, तेव्हा मी डोळे मिटून घ्यायची. जेवणाची गाडी यायची तिची चाकं करकरायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. कारण त्या गाडीवर माझ्यासाठी असायची तांदळाची पेज. डॉक्टरीणबाईंनी सक्त सांगितलं होतं. इतके दिवस उपाशी पोटाला भाकरी सोसणार नाही, आधी पेज, मग मऊ भात.

आणि मी भात सोडलेला होता. मांडीवर मूल नव्हतं. नवस मोडला तर देवी काय करील? माझं काय करायचं ते करो, पण ह्यांना काही झालं तर? मी पेज खिडकीबाहेर ओतायची. खाली एक मांजर होती, ती माझ्या खर्चाने चांगली बाळसं धरू लागली.

शेजारच्या खाटेवर कळव्याकडची एक आगरी बाई होती. तिच्या घरचे मिठागरावर कामाला. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला खायची बंदी होती. ती माझ्या वाडग्याकडे आशेने बघायची.

"काय गो बाय," ती एकदा म्हणाली, "मना घोटभर पानी देईत नाय, न् तू पेज मांजरीला घालतेस? येवरा काय राग तुजा पेजंवर?"

मी तिला नवस सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवी काय मुकादम हाय? येक घोट घे. मना बघू तरी दे कुनी खाताना."

तिच्यासाठी म्हणून मी एक घोट घेतला. कोमट, मिठाची. घशातून खाली उतरताना कळत होती. मी आणखी घेतली. वाडगा संपला तेव्हा ती बाई अशी हसली की जणू तिचंच पोट भरलं.

हे रोज संध्याकाळी कचेरी सुटली की भेटीच्या वेळेला यायचे. त्या संध्याकाळी आले नाहीत.

पाणी

दुसऱ्या दिवशी आल्या त्या सासूबाई. डोंबिवलीहून ठाण्याला आयुष्यात प्रथमच एकट्या आल्या होत्या. त्यांना पाहून मी खाटेवर उठून बसले.

"त्याला ताप भरलाय," त्या म्हणाल्या. "हुडहुडी थांबत नाही. डॉक्टर हिवताप म्हणतायत, कोयनेल दिलंय."

त्या सालात हिवताप घरोघरी होता, पण मला ते कुठलं पटायला? मी काल पेज प्यायले आणि काल हे आडवे झाले. मी त्यांचे पाय धरले. "आई, मी पेज प्यायले. माझ्याने नवस मोडला. माझ्यामुळे झालं हे."

सासूबाईंनी मला उचललं नाही. त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आम्ही दोघी तिथे नुसत्या घाबरून एकमेकींकडे बघत होतो. मी मनात ठरवून टाकलं, आता मेले तरी एक शीत तोंडात घालणार नाही.

तेवढ्यात गाडीची चाकं करकरली. पेजेचा वाडगा माझ्या खाटेशी ठेवला गेला. सासूबाईंनी त्या वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. बांगड्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या आणि खालची लव उघडी पडली होती. मी पटकन हात पदराखाली घेतले.

"दाखव," त्या म्हणाल्या.

मी दाखवले. त्यांनी माझं मनगट आपल्या चिमटीत धरलं. ते चिमटीत मावलं.

मग त्या उठल्या. नळावर जाऊन हातपाय धुऊन आल्या, तांब्या भरून आणला. मला विचारलं, "कल्याण कुठल्या अंगाला गं इथून?" मी बोट दाखवलं. तिकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या, तळहातावर पाणी घेतलं आणि चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, "आई, ह्या पोरीला आई नाही, म्हणून तिला कळलं नाही काय बोलावं ते. तिचा भात आजपासून मी घेतला. मूल होईपर्यंत मी खाणार नाही. चुकलं तर माझ्याकडून घे. तिचं नि माझ्या मुलाचं नाव घेऊ नकोस." आणि पाणी सोडलं.

सगळा वॉर्ड बघत होता. आगरी बाईने हात जोडले.

सासूबाई खाटेवर बसल्या आणि वाडगा उचलला.  "आ कर," त्या म्हणाल्या. "आता तुझं काही मोडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मला सगळं नीट सांगितलं होतं आणि ते सगळं खरं होतं. पण माझ्या घशाला पडलेली गाठ त्यांच्या सांगण्याने सुटली नव्हती. ती ह्या पाण्याने सुटली. हे मी देवाच्या बाजूने किंवा विरुद्ध म्हणून सांगत नाही. माझ्या घरात ज्या भाषेत मी बांधली गेले होते त्याच भाषेत मला कुणीतरी सोडवावं लागलं, एवढंच.

सासूबाई त्या दिवसापासून भाकरी खाऊन राहिल्या, पण पोटभर. तेवढी अट डॉक्टरीणबाईंनी त्यांना घातली होती. मूल झाल्यावरही त्या थांबल्या; त्यांनी पुन्हा भात खाल्ला तो माझ्या मुलीच्या उष्टावणाच्या दिवशी, तिच्याच चांदीच्या वाटीतला उरलेला. पण ते फार पुढचं.

घरी

ह्यांचा ताप उतरला. मी घरी आले. लोकांना वाटतं, घरी आले म्हणजे बरी झाले. तसं नसतं. मऊ भात, मेतकूट, तूप, दूध, आणि प्रत्येक जेवणाला भीती. ह्यांना नुसती शिंक आली तरी माझा घास हातात राहायचा. गोदूताई येऊन म्हणाल्या, "अगो, तेज उतरलं की तुझं!" सासूबाई आतून म्हणाल्या, "ती हाडं होती. तेजाबिजाचं तुम्ही घेऊन जा."

अंग भरू लागलं तरी आतून मी तशीच होते. लाकूड. डॉक्टरीणबाईंनी ह्यांनाही बोलावून काहीतरी सांगितलं होतं. काय ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण रविवारी सासूबाई पुराणाला गेल्या की हे दार सताड उघडं ठेवायचे आणि दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. सगळ्या चाळीला दिसेल असं. मला कडीचा आवाज ऐकावा लागू नये म्हणून ते करत होते, हे कळायला मला बरेच रविवार लागले. पुरुष माणसाची चाळीत थट्टा होत असेल. ह्यांनी ती सोसली.

मला वाटायचं, त्या बाईंचा 'बहुतेक' आपल्यासाठी नाही. काहींचं परत येत असेल. माझं गेलं ते गेलं. मूल तर राहोच, मी ह्यांची बायको तरी उरले आहे का? हे प्रेमाने किती दिवस उघड्या दाराशी बसतील?

मग थंडीच्या दिवसांत एकदा हे विहिरीवर आंघोळ करून आले. पाठ ओलीच होती आणि खुंटीवरचा सदरा काढायला हात वर केला होता. मी तांदूळ निवडत होते. माझी नजर गेली आणि तिथेच राहिली. छातीत काहीतरी हललं. इतकं थोडं की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मी घाबरून ताटात बघू लागले. मला वाटलं, बोलले तर जाईल.

नंतर थोड्याच दिवसांत सकाळी उठले आणि कळलं. पाळी आली होती. मी मागच्या दाराशी घोंगडी घातली आणि सासूबाईंना हाक मारली, "आई, मी बाजूला बसले."

पूर्वी जिथे सुस्कारा यायचा तिथे काहीच ऐकू आलं नाही. मी मान वर केली तर सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. दुपारी त्यांनी थाळी सरकवली नाही. विटाळाचं अंतर विसरून अगदी घोंगडीच्या कडेपर्यंत आल्या आणि ठेवली. वाफाळता भात, वर तुपाची धार. स्वतःची भाकरी घेऊन त्या उंबऱ्यापलीकडे बसल्या आणि आम्ही दोघी जेवलो.

रविवार

त्यानंतरच्या एका रविवारी जेवणं झाली. सासूबाईंनी पदर नीट केला. "मी पुराणाला जाऊन येते गं. दिवेलागणीशिवाय काही यायची नाही."

ह्यांनी नेहमीसारखं दार उघडं ठेवलं आणि खुर्ची टाकली. बाहेर गोदूताईंचे पापड वाळत होते. मी भांडी आवरली, हात पुसले, आरशात पाहिलं. कुंकू सारखं केलं.  आजही काही वाटलं नाही तर? पुन्हा कौलं मोजावी लागली तर? ती भीती गेली नव्हती. खरं सांगते, ती पुढेही बरेच दिवस गेली नाही.

पण तिच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं. ते मी ओळखलं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी होतं तेच.

"जरा आत सरका," मी ह्यांना म्हटलं.

"का गं? ऊन लागतंय?"

 त्यांच्या खुर्चीमागून हात घालून दार लोटलं आणि कडी लावली.